अप्पा प्यायचे, असं सगळे सांगतात

३ मार्च, मंगळवार

दादा,

पाकिटामागे मुद्दामच नाव घातलं नाही. नाव बघून तू ते न उघडताच केराच्या टोपलीत टाकलं असतंस, मला माहीत आहे. आता उघडलंच आहेस तर वाच. भांडायला लिहीत नाहीये. एकोणतीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आई गेली तेव्हा तेवढं कळवलं. तू आला नाहीस, ते जाऊ दे.

काम अगदी साधं आहे. मी एका डॉक्टरांना दाखवायला गेले होते, त्यांनी घरची माहिती विचारली. आईवडील, आजोबा, कोण कितव्या वर्षी गेलं, कशाने गेलं, शेवटी शेवटी चालणं-बोलणं कसं होतं. मी म्हटलं, वडील प्यायचे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "नक्की प्यायचे?" आता यांना काय सांगावं! म्हटलं, अख्खी गल्ली सांगेल. तर म्हणतात, "मग गल्लीला विचारून या."

मला काय झालंय म्हणशील, तर विशेष काही नाही. मी बेकरीत केकवर नावं लिहायचं काम करते, हे तुला माहीत नसणार. बावीस वर्षं झाली. अप्पांनी गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मी केक रंगवते. फरक एवढाच, की त्यांची पाटी पंधरा वर्षं टिकायची आणि माझं लिहिलेलं लोक संध्याकाळपर्यंत खाऊन टाकतात. तर गेल्या महिन्यात एका आजीबाईंच्या केकवर लिहिताना माझा हात उडाला. आपोआप. क्रीमची रेघ नावावरून थेट केकच्या बाहेर. मालकीणबाई हसल्या, मीही हसले. आठवड्याभरात पुन्हा तेच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही.

थकवा असेल. अठ्ठेचाळीस म्हणजे काही कोवळं वय नाही.

तू अप्पांबरोबर चार वर्षं काम केलंस. शिडी धरलीस, रंग कालवलेस. मला फक्त एवढं सांग, तू त्यांना पिताना पाहिलं होतंस का? वास आला ते नको, प्रत्यक्ष पिताना? एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. ते शिडीवरून पडले त्या दिवसाचं मी काही सांगू शकत नाही. मी तेव्हा शिंप्याकडे कपडे आणायला गेले होते. परत आले तोवर सगळं होऊन गेलं होतं.

तुझी
धाकटी

अक्षर वाकडं आलंय. पेन खराब आहे.


११ मार्च, बुधवार

दादा,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खाली जाऊन पेटी उघडून बघतेच. माणूस निर्लज्ज असतो.

रविवारी गल्लीत जाऊन आले. तुला ओळखू यायची नाही. चपलांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. घड्याळवाल्याच्या जागी व्यायामशाळा आलीय, काचेमागे पोरं पट्ट्यावर जागच्या जागी धावतात. आपल्या दोन खोल्यांना कुणीतरी निळा रंग दिलाय, आणि जिन्यात अप्पांचे रंगाचे डबे असायचे तिथे सायकली लावतात. पाट्या सगळ्या प्लास्टिकच्या, आतून दिवा लागणाऱ्या. हाताने रंगवलेली एकही दिसली नाही.

पण शिंपीकाका आहेत! ऐंशी उलटलेत, कानाने कमी ऐकतात, जीभ मात्र शाबूत. मला बघून म्हणाले, "पेंटरची पोरगी ना तू? केवढी जाड झालीस ग!" म्हटलं, "काका, तुम्ही मापं घेणं सोडा आता." मग चहा मागवला. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि विचारलं, "अप्पा प्यायचे ना हो काका?"

"प्यायचे ना म्हणजे? सकाळी आठला झोकांड्या खात यायचा! एकदा माझ्या दारातला पुतळा पाडलान कोटासकट. वास तर असा, की गिऱ्हाईक नाक धरायचं."

दादा, मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! आपला बाप दारुडा होता हे ऐकून कुणी मुलगी इतकी खूश झाली नसेल. मी काकांच्या पायाच पडणार होते.

आता कारण सांगते. पहिल्या पत्रात मी थापा मारल्या. हात एकदाच किंवा दोनदाच उडालेला नाही. रोज उडतो. खांदा उडतो, पाय मध्येच वाकडा पडतो, जिन्यात दोनदा पडले. डॉक्टरांना एका दुखण्याचा संशय आहे. त्यात हातपाय आपल्या मनाने हलायला लागतात, चाल बिघडते, मग जीभ जड होते, मग डोकं. दहा-पंधरा वर्षांत माणूस संपतो. औषध नाही. हे रक्तातून येतं. आई किंवा बाप, कुणाला तरी असलं तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. ज्याला आलं त्याच्या मुलांना पुन्हा निम्मी. ज्याच्यापर्यंत आलं नाही, त्याच्यापुढे ते जात नाही.

म्हणजे अप्पा खरंच पीत असतील, तर त्यांचं झोकांड्या खाणं दारूचं, आणि माझं दुसरंच काहीतरी. शीर दबली असेल, जीवनसत्त्व कमी असेल, काहीही. आणि पीत नसतील, तर मला तेच आहे. आणि दादा, मग तू आहेस.

रक्त तपासलं की एका फटक्यात कळतं. पण रक्त द्यायची माझी छाती होत नाही. म्हणून गल्लीला विचारत फिरतेय.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. शिंपीकाकांचं कापड बेतायचं टेबल म्हणजे अप्पांनीच रंगवलेली त्यांची जुनी पाटी आहे, उलटी घातलेली. मी म्हटलं बघू या, आणि टेबलाखाली शिरले. पहिली चार अक्षरं अशी, की पट्टी लावून बघावीत. पुढची दोन ओळ सोडून उडालेली. खाली कोपऱ्यात अप्पांनी नेहमीसारखं साल घातलंय. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. मी बाहेर आले तेव्हा काका सहज म्हणाले, "त्या सुमाराला तो माझ्याकडून चिंध्यांच्या पट्ट्या न्यायचा. हात टेकवायची काठी असते ना पेंटरची, तिला मनगट बांधून घ्यायचा."

दारुडे मनगट बांधून घेतात का रे?

धाकटी


१७ मार्च, मंगळवार

दादा,

किल्लीवाल्या काकू आठवतात? कोपऱ्यावर टपरीत बसायच्या, नवऱ्याच्या मागे कुलपं त्याच दुरुस्त करायच्या, आणि तू त्यांना घाबरायचास. आता त्यांना दिसत नाही, पण हाताला किल्ली दिली तर कुठल्या कुलपाची आहे ते सांगतात. त्यांच्या सुनेने मला पलंगाशेजारी स्टूल दिलं.

मी विचारलं. काकू म्हणाल्या, "प्यायचा की. सगळे म्हणायचे."

"तुम्ही पाहिलं होतं?"

"मी कशाला बघू? वास यायचा." आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाल्या, "एक मात्र मला तेव्हाही नवल वाटलं होतं. एकदा तो माझ्यासमोर वाकून कुलूप दाखवत होता. तोंड अगदी माझ्या तोंडाजवळ. श्वासाला चहाचा वास होता ग. दारूचा वास कॉलरला."

मी म्हटलं, सांडली असेल. काकू म्हणाल्या, असेल बाई. आणि लगेच म्हणाल्या, "पिणारा कधी कॉलरवर सांडत नाही. त्याचा जीव असतो त्यात."

मी हसले. खोटं नाही सांगत, हसले. पण उठताना स्टूल पडलं, मी पडले, आणि सून धावत आली. काकूंना काही दिसत नाही, तरी विचारतात कशा, "कुठे लागलं? तुझ्या बापासारखंच पडलीस. एकदम."

मालकीणबाईंनी मला आता डबे बांधायला बसवलंय. "थोडे दिवस आराम," म्हणाल्या. बरणी घेताना पाडली, तर त्यांनी झाडू माझ्या हातात दिला नाही, स्वतःच झाडलं. मला कळलं. शरम वाटली त्याहून जास्त भीती वाटली. घरी यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते ताटं उचलतात, मी काठ धरून धरून चालते, आणि दोघंही बातम्या बघतो.

गल्लीच्या टोकाचं दारूचं दुकान अजून आहे. तिथे जायचं राहिलंय. अप्पा विकत घ्यायचे की नाही ते तिथेच कळेल. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तू आधी पत्र पाठव ना. तू एवढंच लिही, की हो, मी पाहिलं होतं. खोटं लिहिलंस तरी चालेल.

धाकटी


२४ मार्च, मंगळवार

दादा,

हे पत्र उभं राहून वाचू नकोस.

काल त्या दारूच्या दुकानात जाऊन आले. आता मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसतो, म्हातारा मालक आत खुर्चीत. बाई आत आली म्हणून दोन गिऱ्हाइकं बघायला लागली. मी म्हटलं, मी पेंटरची मुलगी. म्हातारा एकदम हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, चला, जुनं गिऱ्हाईक म्हणून मान देतोय.

"पेंटर माझी पायरी कधीच चढले नाहीत," म्हणाला. "आई यायच्या तुमच्या. पदराखाली धरून न्यायच्या. महिन्याला एक चपटी. पिणाऱ्याला ती एक दिवस पुरत नाही. मी एकदा विचारलं, ताई, ही कुणासाठी? तर म्हणाल्या, कपड्यांसाठी."

घरी येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता. पण दादा, मी तुला हे कळल्यासारखं लिहितेय, आणि ते खोटं आहे. मला माहीत होतं.

आई रोज सकाळी अप्पांना शर्ट घालायची, बटणं लावायची, आणि मग चपटीतल्या दारूचे चार थेंब कॉलरवर आणि छातीवर शिंपडायची. अप्पा मान वर करून उभे राहायचे. तू तेव्हा खाली डबे काढायला गेलेला असायचास. मी एकदा पाहिलं, तर आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाली, "त्यांच्या पायाची शीर बिघडलीय. लोकांना दारू वाटू दे. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं, तोंड उघडशील तर बघ." मी अठरा वर्षांची होते. माझ्यासाठी म्हणजे माझ्या लग्नासाठी, एवढं मला तेव्हाच कळलं; खरं दुखणं कळलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी. माझ्या डोक्याला तेल लावता लावता आई म्हणाली, "दारुड्याची मुलगी लोक करून घेतात. बाप तसा असला तरी मुलगी गरीब आहे म्हणतात. पण तुझ्या आजोबांना आणि अप्पांना झालंय ते कळलं असतं, तर कुणी दारात उभं केलं नसतं." आपण आजोबांचं गाव सोडून या गल्लीत का आलो, तेही तेव्हाच कळलं. तिथे सगळ्यांना माहीत होतं. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला लग्न करता आलं नसतं.

आता शिडीचा दिवस. मी शिंप्याकडे नव्हते. समोरच्या फुटपाथवर होते, सगळं बघत. अप्पा चपलांच्या दुकानाची पाटी लिहीत होते, पाय उडाला, ते रंगासकट खाली आले. तू धावलास, कॉलर धरून उठवलंस, तुझ्या नाकात वास गेला, आणि तू भर गल्लीत त्यांच्या थोबाडीत मारलीस. "लाज वाटत नाही, सकाळी सकाळी ढोसून येता?" असं ओरडलास. लोक जमले होते. अप्पांनी काही सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. नको, अशी. त्या संध्याकाळी तू बॅग भरलीस.

त्या सकाळी आईला ताप होता, दादा. त्या दिवशी त्यांच्या कॉलरवर दारू मी शिंपडली होती. मला माप माहीत नव्हतं. फार जास्त झाली.

तू एका आजारी माणसाला मारलंस, हे सांगायला हे लिहीत नाहीये. तुला कळायला मार्ग नव्हता. मला होता. मी एक वाक्य बोलले असते तर तू गेला नसतास. मी बोलले नाही, कारण मला लग्न हवं होतं. पुढे सहा वर्षं अप्पा अंथरुणात तुझ्या नावाचा घोष करत राहिले, जिभेला जमेल तसा. मी तेही तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर का कळवलं, हे सांगावं लागलं असतं.

शिव्या दे. पण रक्त तपासून घे. तू त्रेपन्नचा आहेस, तुला एक मुलगी आहे. आपल्या दोघांचं जे व्हायचं ते होवो. तिचं तरी तिला कळू दे.

धाकटी


२ एप्रिल, गुरुवार

दादा,

यांना सांगितलं. सगळं एका दमात, बसमध्ये, कारण घरात धीर झाला नसता. शेवटी म्हटलं, "तुम्हाला फसवून लग्न लावलं आमच्या घरच्यांनी."

हे खिडकीबाहेर बघत बसले. दोन स्टॉप गेले. मग म्हणाले, "म्हणजे दारुड्याची मुलगी नको म्हणून माझी आई सहा महिने रडत होती, ते फुकटच?" मला रडता रडता हसू फुटलं. पुढच्या स्टॉपला उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं. "दवाखान्यात कधी जायचं?" एवढंच विचारलं.

गेलो. रक्त दिलं. एवढीशी कुपी, आणि त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी. ती बाई इतक्या सहज चिठ्ठी चिकटवत होती, की मला वाटलं ओरडावं. आता वाट बघायची. मला भीती वाटते, दादा. मरणाची नाही, असं लोक म्हणतात ना, तसं काही मी म्हणणार नाही. मला मरणाचीही वाटते. पण त्याआधीची जास्त वाटते. अप्पांच्या तोंडात शेवटी चमचा धरावा लागायचा आणि त्यांचे दात त्यावर आपोआप आपटायचे. तो आवाज मला घरात कुठेही ऐकू येतो. आमचा मुलगा आता सव्वीसचा आहे. रविवारी फोन करतो, काय जेवलीस विचारतो. मी सांगते आणि फोन ठेवून भिंतीला टेकते.

तुझ्याकडून काहीच नाही. पत्रं पोहोचतात तरी ना? लिहायचं नसेल तर फोन कर, नंबर खाली लिहिलाय.

धाकटी


९ एप्रिल, गुरुवार

दादा,

परवा तुझा फोन आला. एकोणतीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला. मी ओळखला नाही, आधी ते सांगते. जड झालाय.

तू शिव्या दिल्या नाहीस. मी तयारीने बसले होते, तर तू विचारलंस, "अप्पांनी मान हलवली होती? नक्की?" मी हो म्हटलं.  आणि मग तू जे बोललास ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला वाचता येईल.

"पोरीचं लग्न वीस मेला आहे. तोवर कुणाला एक शब्द बोलायचा नाही. कुणी विचारलंच, तर अप्पा प्यायचे म्हणून सांग. इतकी वर्षं प्यायलेच ना? अजून दीड महिना प्यायले तर काय बिघडतं?"

मी तुला दोष देत नाही. आई हेच बोलली असती, शब्द नि शब्द. तू तिचाच मुलगा. आणि मी तर हो म्हणून टाकलं. मला सवय आहे.

पण तू बोलत असताना मागे काहीतरी फुटलं. काच होती. आणि वहिनींचा आवाज आला, "पुन्हा? अहो, आज तिसऱ्यांदा!" तू घाईने फोन ठेवलास.

मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. कधीपासून, दादा?

कालच्या टपालाने लग्नपत्रिका आली. पत्ता वहिनींच्या हातचा. मागे पेन्सिलने लिहिलंय, "यांना सांगू नका मी पाठवली ते. लेकीला तुमच्याबद्दल आताच कळलं, तिला आत्या हवीय लग्नात. हा तिच्या शाळेचा पत्ता, ती लहान मुलांना शिकवते." खाली आणखी एक ओळ आहे. "हे हल्ली पितात की काय, कळत नाही. वास येत नाही, पण तोल जातो."

त्यांनी नको म्हटलं तरी तुला सांगतेय, लपवणं आता पुरे; त्यांच्यावर रागावू नकोस. वहिनी विचारतात, दादा. त्यांना उत्तर काय देऊ?

मी तुला शब्द दिलाय. तो पाळायचा की मोडायचा, ते दोन दिवस झाले ठरवतेय. भाकरी भाजताना, डबे बांधताना, दुसरं काही सुचत नाही. तूच तिला सांग. मी सात दिवस थांबते. तू बाप आहेस, तुझ्या तोंडून तिला कमी लागेल.

धाकटी


१६ एप्रिल, गुरुवार

बाळ,

मी तुझी आत्या. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हातचं आहे, कारण माझा हात आता एका ओळीवर राहत नाही. मी सांगतेय आणि तुझे आतोबा लिहितायत. मध्ये मध्ये त्यांना थांबावं लागतंय, तेव्हा शाई पसरली असेल तर समजून घे.

शाळेत वाचू नकोस. घरी जाऊन, दार लावून, बसून वाच. सोबत मी तुझ्या बाबांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती आहेत. पाठवण्याआधी मी प्रत्येकाची छायाप्रत काढून ठेवत होते. का, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ती सगळी वाच. त्यात मी वाईट दिसते. दिसू दे.

थोडक्यात असं. तुझे आजोबा पीत नव्हते. त्यांना एक दुखणं होतं, ते रक्तातून येतं. परवा माझ्या रक्ततपासणीचा निकाल आला. माझ्यात आहे. डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर ठेवला तेव्हा मला एकदम थंडी वाजली, एप्रिलच्या दुपारी. हे माझा हात धरून बसले होते, तरी तो यांच्या हातात उडत होता.

तुझ्या बाबांनी अजून तपासलेलं नाही. त्यांच्यात असेल किंवा नसेल. त्यांच्यात नसेल, तर तुझ्यात असूच शकत नाही. असेल, तर तुझी शक्यता निम्मी. तुझ्या आईच्या चिठ्ठीवरून मला त्यांच्याबद्दल भीती वाटते. ती मी तुझ्यापासून लपवत नाही.

मी त्यांना शब्द दिला होता, की लग्नापर्यंत तुला सांगणार नाही. सात दिवस वाट बघितली. काल त्यांचा निरोप आला, एकाच शब्दाचा. "नको." तुझ्या आजोबांनी मान हलवली होती, तसाच. तेव्हा मी ऐकलं. आज नाही ऐकत.

लग्न मोड, असं मी म्हणत नाहीये. मला मोडू नकोस असंही म्हणायचं नाही. त्या मुलाला हे पत्र दाखव किंवा दाखवू नकोस, तपासून घे किंवा कधीच घेऊ नकोस. ते तुझं तू ठरव. माझ्या वेळी सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी ठरवलं होतं, आणि मी डोळे मिटून ठरवू दिलं. माझा मुलगा आहे. त्याला मी उद्या सांगणार आहे. पत्रातून नाही, समोर बसवून. 

घाबरशील. घाबर. मीही घाबरलेय, तुझे बाबाही घाबरलेत, म्हणूनच ते असे वागतायत. त्यांच्यावर ओरडू नकोस. तपासाला जायचं ठरवलंस, तर मी येऊन तुझ्याबरोबर बाकावर बसेन. चालता येतंय तोवर येईन.

आणि लग्नाच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, तुझ्या बाबांचा तोल गेला आणि कुणीतरी हळूच म्हणालं, की मुलीचा बाप पिऊन आलाय, तर तू खाली बघू नकोस. तू त्यांचा हात धर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांग, की नाही, ते प्यायलेले नाहीत, ते आजारी आहेत. एवढं एकच वाक्य आहे. फुटपाथवर उभं राहून मला ते बोलता आलं नव्हतं.

तुझी
आत्या